‘किती फूट?’ : पंचगंगेचं पाणी नेमकं कशात मोजायचं

जुलैचा तिसरा आठवडा लागला की कोल्हापुरात माणूस भेटल्यावर ‘जेवलास का’ मागे पडतं आणि ‘किती फूट?’ पुढे येतं. कुठलं, कशाचं, हे कुणी सांगत नाही. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी, दुसरं काय! 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये हा आकडा साडेपंचावन्नच्या वर गेला आणि 2021 च्या जुलैमध्ये छप्पन्नही ओलांडले.

मग पूर ओसरला की चहाच्या गाड्यावर वाद रंगतो. पाणी जास्त कधी आलं? एकोणीसला की एकवीसला? आणि 2005 चं काय, 1989 चं काय? प्रत्येकजण फूट सांगतो आणि ज्याचे फूट जास्त तो जिंकतो. माझं म्हणणं एवढंच की हा वाद फुटांवर मिटणारा नाही. फूट हे पाण्याचं माप नाही. ते पाणी आणि जागा या दोघांचं मिळून माप आहे.

घरातच बघा. एक तांब्या पाणी परातीत ओतलं तर बोटाचं पेरही बुडत नाही. तेच पाणी उभ्या पेल्यात ओतलं तर पेला भरून वर सांडतं. पाणी तेवढंच, उंची वेगळी. नदीचंही तसंच, फक्त तिची परात आपण दरवर्षी थोडी थोडी अरुंद करत आलोय. आणि परात जागची हलत नाही असंही नाही. नदी स्वतःसुद्धा ती कातरत असते, भरत असते.

आधी पाणी येतं कुठून ते बघू. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त सरस्वती. तुळशी आणि कुंभी वाटेत भोगावतीला मिळतात आणि प्रयाग चिखलीला कासारी येऊन भेटते. तिथून पुढे पंचगंगा. या नद्यांचं माहेर सह्याद्रीच्या माथ्यावर आहे आणि तिथला पाऊस म्हणजे वेगळाच हिशोब. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, कोल्हापूर शहरात साधारण हजाराच्या आसपास आणि खाली शिरोळकडे त्याच्याही निम्म्यावर. एकाच जिल्ह्यात शंभर किलोमीटरच्या आत एवढा फरक. म्हणून शिरोळात ऊन पडलेलं असताना दारात पूर येतो आणि बाहेरून आलेल्या सुनेला ते खरं वाटत नाही.

पाऊस पडला की लगेच पूर येत नाही, हेही लक्षात घ्या. मे महिन्यात आपली काळी जमीन भेगाळलेली असते, हात जाईल एवढ्या भेगा. जूनचं पाणी त्यात गुडुप होतं. पाणी प्यायलं की ही माती फुगते, भेगा मिटतात आणि जुलैच्या मध्यापर्यंत तिचं पोट भरतं. त्यानंतर पडेल तो थेंब अंगावरून वाहून ओढ्यात. जूनमध्ये 100 मिलिमीटर आणि जुलैअखेर 100 मिलिमीटर, कागदावर सारखेच. नदीच्या दृष्टीने दोन वेगळे पाऊस.

आता थोडी आकडेमोड करू, कारण सगळा राग जाऊन बसतो तो राधानगरीच्या दरवाज्यांवर. हे धरण शाहू महाराजांनी सुरू केलं, पुरं व्हायला मात्र स्वातंत्र्यानंतरचे दिवस उजाडले. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्याच भाराने उघडतात, पातळी उतरली की मिटतात. ‘दरवाजे सोडले’ असं आपण म्हणतो खरं, पण कुणी बटण दाबून सोडत नाही. एका दरवाज्यातून 1428 क्युसेक, म्हणजे सातांतून मिळून साधारण दहा हजार क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आपल्या भाषेत सुमारे 28 लिटर.

दुसऱ्या बाजूला पाऊस मांडा. हजार चौरस किलोमीटरवर एका दिवसात 100 मिलिमीटर पडला तर पाणी होतं साडेतीन टीएमसी, म्हणजे साडेतीन अब्ज घनफूट. त्यातलं पाऊण पाणी जरी त्याच दिवसात वाहून आलं तरी चोवीस तास सतत तीस हजार क्युसेक. म्हणजे राधानगरीच्या सातही दरवाज्यांच्या तिप्पट. कोल्हापूरच्या वरचं पाणलोट हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि घाटमाथ्यावर 100 मिलिमीटर हा जुलैतला साधा दिवस. त्यातला मोठा भाग धरणांच्या खालचा. तिथलं पाणी कुठल्याच भिंतीला न विचारता थेट नदीत येतं. राधानगरी 8.36 टीएमसी, बाकीची तुळशी, कुंभी, कासारी धरून चारांची बेरीज सतराच्या आसपास. कोयना एकटी 105. तेव्हा आपली धरणं पुराची पहिली धार बोथट करतात, भरल्यानंतर मात्र ‘आलं ते पुढे’ एवढंच त्यांच्या हातात राहतं. दरवाज्यांचे व्हिडिओ बघायला छान असतात. पुराचं कारण म्हणून ते मला फार छोटे वाटतात.

आता परातीकडे वळू.

सह्याद्री उतरेपर्यंत नदीला उतार असतो, ती दगड ढकलत, तळ खरवडत येते. कोल्हापूरच्या आसपास जमीन सपाट होते आणि नदी वळणं घ्यायला लागते. नकाशावर शिरोळपर्यंतची पंचगंगा बघा, वाटेत सांडलेला दोराच जणू. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी जोरात घासतं, कड ढासळते. आतल्या काठाला पाणी मंदावतं आणि गाळ टाकतं. त्या गाळाची जमीन म्हणजे आपली मळी. एकाची कड जाते, समोरच्याची मळी वाढते. सातबाऱ्यावर क्षेत्र दोघांचंही तेवढंच राहतं, हा भाग वेगळा. सातबारा नदीला वाचता येत नाही.

वडणग्याला माझ्या मामांचा असाच एक तुकडा आहे. काठावर पूर्वी करंज, उंबर, वाळुंज अशी झाडं होती. मुळं पाण्यात लोंबायची, आम्ही त्यांना धरून पोहायचो. एकेक करत ती गेली, कारण सावलीत ऊस येत नाही. सरी पार कडेपर्यंत गेली. उसाची बहुतेक मुळं वीतभर-हातभर, काठ धरून ठेवायची ताकद त्यात कुठली! गेल्या पंधरा वर्षांत मामांच्या दोन सऱ्या नदीने नेल्या. मामा म्हणतात, “झाडं आमी तोडली, सऱ्या तिनं न्हेल्या. फिटलं.”

नदीचं आणखी एक काम आपल्याला फारसं दिसत नाही. पूर काठावरून बाहेर पडतो तेव्हा पाण्याचा वेग एकदम कमी होतो आणि जड गाळ काठाजवळच बसतो. शेकडो वर्षं हे होत राहिलं की काठ उंच होतो आणि त्याच्या मागची जमीन सखल राहते. त्यामुळे पुराचं पाणी गावात येतं ते बहुतेक वेळा काठ ओलांडून नाही, मागच्या दाराने येतं. नदी फुगली की ओढ्याचं पाणी नदीत शिरेना होतं, मग नदीच ओढ्यात शिरते आणि उलटी वाहायला लागते. कोल्हापुरात दरवेळी पहिल्यांदा हलवायची वेळ येते ती सुतारवाड्याला. नदीचा घाट तिथून लांब आहे. पाणी येतं ते जयंती नाल्यातून, पाठीमागून. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीचंही तेच. घाटावर उभं राहून ‘अजून दीपमाळ दिसतीय, काळजी नाही’ म्हणणाऱ्यांनी नाल्यावर जाऊन बघावं.

आपली नदी कोसीसारखी बेभरवशाची नाही, हे नशीब. कोसीने 2008 च्या ऑगस्टमध्ये नेपाळच्या हद्दीत बांध फोडला आणि बिहारात शंभरएक किलोमीटर बाजूला सरकून जुन्याच वाटेने वाहू लागली. हिमालयातून एवढा गाळ येतो की तिचं पात्रच भरून वर येतं. आपल्याकडे खाली काळा बसाल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात पंचगंगेने आपली जागा पक्की केलीय. ती वाट बदलत नाही, फुगते. तिला आडवं पसरायला लागतं आणि आडवं पसरायच्या जागेत आपण काय काय घालून ठेवलंय ते बघण्यासारखं आहे.

बंधाऱ्यापासून सुरू करू, कारण तो आपला अभिमान आहे. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ या नावाने तो महाराष्ट्रभर गेला. रचना साधी आहे. नदीत आडवे दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या. पावसाळा संपला की बर्गे घालायचे, पाणी अडतं. उन्हाळा संपत आला की काढायचे, नदी मोकळी. जुन्या पद्धतीत बर्ग्यांच्या दोन ओळी आणि मधे मातीचा भराव. बर्गे काढताना एकदा तासभर उभा राहून बघितलंय. चार माणसं, एक हूक, दोर आणि शिव्या. ओला बर्गा खाचेत फुगून बसलेला असतो, हलता हलत नाही. तो सुटला की अडलेलं पाणी फेसाळत खाली पडतं आणि मागचं केंदाळ, म्हणजे जलपर्णी, हिरव्या सतरंजीसारखं हळूहळू पुढे सरकतं.

पावसाळ्यात बातमी येते, ‘जिल्ह्यातील इतके बंधारे पाण्याखाली.’ पुण्यातला मेव्हणा घाबरून फोन करतो. अरे बाबा, तो बुडण्यासाठीच बांधलाय. त्यावरून पूर जावा हीच त्यातली हुशारी. फक्त बर्गे वेळेत निघाले पाहिजेत. एखाद्या वर्षी वळीव संपतो न संपतो तोच मृग धो-धो सुरू झाला आणि बर्गे खाचेतच राहिले, तर तो बंधारा राहत नाही, भिंत होते.

या बंधाऱ्यांनी नदीचा स्वभाव मात्र बदलला. पूर्वी एप्रिलमध्ये पंचगंगा बारीक व्हायची, गाड्या उथळ पाण्यातल्या उतारावरून पलीकडे जायच्या. आता उन्हाळ्यात ती नदी कमी आणि एकाखाली एक ठेवलेल्या तळ्यांची माळ जास्त असते. त्यावर इंजिनं बसली, पाणीपुरवठा संस्था झाल्या, माळापर्यंत ऊस गेला. कोल्हापूर श्रीमंत झालं ते यातूनच, हे नाकारून चालणार नाही. पण उभ्या पाण्यात गाळ बसतो, नाल्याचं मैलापाणी बसतं, केंदाळ माजतं आणि कधी मासे पोट वर करून तरंगतात. वर धरणाने गाळ अडवला, त्यामुळे खाली सुटणारं पाणी निवळ असतं. निवळ पाणी साधं वाटतं, पण त्याच्यात गाळ उचलायची ताकद शिल्लक असते, मग ते तळ आणि काठ खातं. एकीकडे धरणाचं पोट गाळाने भरतं, दुसरीकडे काठ झिजतो.

भरावाचं प्रकरण मात्र मला सगळ्यात मोठं वाटतं. पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ पंचगंगा ओलांडतो. पूल नदीवर आहे, पण पुराची नदी पुलाएवढी नसते. ती दोन्ही बाजूंच्या शेतांतून किलोमीटरच्या किलोमीटर पसरून वाहते. त्या शेतांमधून हायवे उंच मातीच्या भरावावर जातो. म्हणजे रुंद पसरून येणाऱ्या पाण्याला पुलाखालच्या तेवढ्याच फटीतून जायचं असतं. नवरात्रात महाद्वार रोडवर अनुभव घेतलाच असेल. गर्दी तेवढीच, पण मधे हातगाड्या आडव्या लागल्या की मागे माणसावर माणूस. पाणीही तसंच मागे चढतं. चढल्याशिवाय त्याला फटीतून रेटायला जोर मिळत नाही. आणि मागे म्हणजे कुठे? राजाराम बंधारा, शिये, वडणगे, सगळं या भरावाच्या वरच्या अंगाला. आपण फूट मोजतो तिथेच हे चढलेलं पाणी मिसळलेलं असतं. 2019 आणि 2021 ला शेवटी पाणी हायवेवरूनच गेलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. भरावाच्या जागी खांबांवरचा रस्ता किंवा भरपूर मोऱ्या हव्यात, ही मागणी त्यातूनच आली आहे.

तसाच प्रकार छोट्या रस्त्यांचा. पुरात अडकतो म्हणून गाव म्हणतं रस्ता उंच करा. रस्ता उंच होतो आणि पुढच्या पुरात त्याच्या वरच्या अंगाच्या गावात पाणी जास्त चढतं. मग ते गाव म्हणतं, आमचाही उंच करा. शहरात मुरमाचा भराव. उन्हाळ्यात टाकतात, उन्हाळ्यातच प्लॉट विकतात. जुलैत प्लॉट दाखवणारा एजंट मी अजून बघितलेला नाही. एका ओळखीच्यांनी असा एक प्लॉट घेतला. कागद चोख, पण नदी दोन वेळा दिवाणखान्यात येऊन गेली.

इथे निळ्या-लाल रेषेचं सांगितलं पाहिजे. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची हद्द, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. लोक हसतात. ‘शंभर वर्षांचा पूर दोन वर्षांनी परत कसा आला?’ चूक लोकांची नाही, नावाची आहे. 25 वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी 4 टक्के शक्यता. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी सुट्टी नाही. घरासाठी वीस वर्षांचं कर्ज काढलंत आणि घर निळ्या रेषेवर असेल, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी दारात येण्याची शक्यता 56 टक्के निघते. नाणं उडवण्यापेक्षा वाईट. लाल रेषेवर 18 टक्के. आणि हे गणित जुन्या पावसाच्या नोंदींवर आहे. चार दिवसांचा पाऊस एका दिवसात पडायला लागला की रेषा तिथेच राहतात, पाणी राहत नाही.

आता खालच्या टोकाला, नृसिंहवाडीला. इथे पंचगंगा कृष्णेला मिळते. पूर चढला की पाणी दत्त मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा. लोक रात्री-अपरात्री स्नानाला धावतात. देवाच्या दारात आलेल्या पुराला सोहळा म्हणणारी माणसं नदीला नक्कीच आपल्यापेक्षा चांगलं ओळखत होती. देऊळ बुडणार हे धरूनच ते तिथे बांधलंय.

वाडीचा आकडा महत्त्वाचा, कारण पंचगंगेचं दार तिथे आहे. कृष्णा कोयनेचं आणि वारणेचं पाणी घेऊन येते. ती तुडुंब असेल तर पंचगंगेला आत शिरायला जागा मिळत नाही आणि पाणी तुंबत मागे येतं. हाच फुगवटा. पंचगंगेवर पाऊस थांबूनही पाणी उतरत नाही, तेव्हा कारण बहुतेक वाडीला सापडतं.

मग खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेलं अलमट्टी धरण? आपल्या पुराला ते कारण की नाही, त्यावर इथे घराघरात दोन पक्ष आहेत. अलमट्टीची पूर्ण पातळी 519.6 मीटर. राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 543 मीटरवर. दोन्हींत वीस मीटरहून जास्त अंतर आणि नदीच्या वाटेने दोनशेहून अधिक किलोमीटर. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनेही त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. मला ते पटतं, पण अर्धवट. धरणाचं पाणी थेट कोल्हापुरात चढत नाही हे मान्य. मात्र पुराच्या वेळी अलमट्टी आणि त्याच्या वरच्या हिप्परगी बंधाऱ्यातून पाणी किती वेगाने सोडतात यावर खालची कृष्णा किती लवकर मोकळी होते हे ठरतं, म्हणून दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांचे फोन चालू राहणं गरजेचंच. आणि उंची 524.256 मीटरपर्यंत न्यायची परवानगी कृष्णा पाणीतंटा लवादाने दिलेली असल्याने शिरोळकरांची धास्ती उगाच नाही. पण कुणी सगळं खापर तिकडे फोडून शिरोलीच्या भरावाकडे पाठ फिरवत असेल, तर ते सोयीचं आहे, खरं नाही.

मामांना हे सगळं आकड्यांत सांगायला गेलो तर ते ऐकून घेतात आणि मग त्यांचं सांगतात. “पाणी आमच्या लहानपणी बी यायचं. दोन दिवसात यायचं, तिसऱ्या दिवशी जायाचं. गाळ टाकून जायाचं, तेवढंच खत. आता येतंय त्येचं काय न्हाई, जाईनाच झालंय.” उसाच्या पोंग्यावरून पाणी दोन दिवस गेलं तर ऊस तगतो. आठ दिवस राहिलं आणि पोंग्यात गाळ बसला की आतून कुजतो. वरून हिरवा दिसतो, हाताने ओढला की शेंडा सुटून येतो. त्यांनी मला तसे चार शेंडे ओढून दाखवले. चौथ्याचा वास घरी येईपर्यंत हाताला होता.

चिखलीच्या लोकांना 1989 च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिल्या, तरी मळी आणि गोठा सोडून सगळे गेले नाहीत. यावर शहरातून टीका करणं सोपं आहे. मामाही हलणार नाहीत. त्यांनी फक्त खालच्या तुकड्यात ऊस लावायचा सोडला. तिथे आता हत्ती गवत असतं, पाण्याखाली गेलं तरी परत फुटतं, म्हशींना होतं. काठाला करंजाची सात रोपं लावलीत, त्यातली पाच धरलीत.

जुलैत रात्री त्यांचा फोन येतो तेव्हा ते राजारामचे फूट विचारत नाहीत. ते विचारतात, “गगनबावड्याला पाऊस किती झाला? आणि वाडीला काय हाय?”